रडणारं मूल आणि गप्प पडलेलं मूल

प्रश्न : ताई, नर्सिंग संपवून मी २ वर्षं मोठ्यांच्या वॉर्डात होते, आता मुलांच्या इमर्जन्सीत टाकलंय. बीपीचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, काढला की पोर किंचाळतं, पल्स बघायला गेलं की लाथा मारतं, मग जे आकडे येतात त्यावर विश्वास ठेवावा का तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : अगं, दारातूनच कर, हात न लावता. मूल आईच्या मांडीवर असेल तर तिथंच राहू दे, उचलून टेबलावर आणू नकोस, ४-५ पावलं लांब उभी राहा आणि अर्धा मिनिट नुसतं बघ. तीनच गोष्टी बघायच्या, मूल दिसतंय कसं, श्वास कसा घेतंय आणि कातडीचा रंग काय आहे. शिकताना त्रिकोण म्हणून पाठ केलं असशील तेच हे, पण परीक्षेपुरतं पाठ करणं वेगळं आणि दारात उभं राहून बघणं वेगळं.

दिसणं म्हणजे काय, तर नजर देतंय का, आईने जवळ घेतल्यावर शांत होतंय का, अंगात जोर आहे का की मान टाकलीये, रडणं खणखणीत आहे की नुसतं कण्हतंय. श्वासात बघायचं ते बरगड्यांच्या मधली आणि गळ्याखालची जागा आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का, आणि श्वास सोडताना प्रत्येक वेळी हुं हुं असा कण्हल्यासारखा आवाज येतोय का, हा आवाज आला की माझं बाकी सगळं काम बाजूला राहतं कारण फुप्फुसं उघडी ठेवायला त्या जिवाची धडपड चाललेली असते. श्वास मोजायचे तेही आधीच, मूल शांत असताना, पूर्ण १ मिनिट, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही कारण बाळांचा श्वास मुळातच एकसारखा नसतो. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास फार वेगात आहे असं धर.

आता बीपीचं, आणि हे मी जरा जास्त बोलणार आहे. मुलांचं बीपी शेवटपर्यंत टिकतं गं. अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालं की मूल आधी हार्ट रेट वाढवतं, मग हातापायांकडचं रक्त कमी करून मेंदू-हृदयाला पुरवतं, आणि या सगळ्या वेळात बीपी छान नॉर्मल दिसत राहतं, मग एकदम कोसळतं. १ ते १० वर्षांच्या मुलाला वरचं बीपी कमीत कमी ७० अधिक वयाची दुप्पट हवं, म्हणजे ४ वर्षांच्याला ७८, पण त्याच्या खाली जाईपर्यंत थांबलीस तर खूप उशीर झालेला असतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत जुलाब-उलट्यांनी मलूल झालेलं साधारण ३ वर्षांचं मूल आलं होतं, आईच्या खांद्यावर गप्प पडलेलं, मी बीपी घेतलं, बरोबर आलं, आणि मी त्यांना बाकावर बसवलं. सीनियर सिस्टरनी जाता जाता त्याच्या पायाला हात लावला, गुडघ्यापर्यंत गार. छातीवर ५ सेकंद बोट दाबून सोडलं तर रंग परत यायला ४ सेकंद लागले, २ च्या आत यायला हवा. लगेच सलाईन लागलं, मूल वाचलं, पण कार्डावर नॉर्मल मी लिहिलं होतं हे मी आजही विसरलेले नाही. म्हणून सांगते, आधी पाय चाचप आणि मग बीपीचा कफ हातात घे. आणि मलूल मुलाची शुगर हमखास तपास, लहान मुलांचा साखरेचा साठा फार लवकर संपतो.

अजून एक, दम्याच्या मुलाच्या छातीतला शिट्टीसारखा आवाज थांबला, श्वास ६० वरून २० वर आले आणि ते झोपाळलं, तर बरं वाटतंय म्हणून खुश होऊ नकोस, दमलेलं असू शकतं, ताबडतोब डॉक्टरांना हाक मार.

प्रश्न : माझा ७ वर्षांचा मुलगा हात मोडून ओरडत होता तरी आम्हाला ४० मिनिटं बसवून ठेवलं, आणि नंतर आलेलं, आरामात झोपलेलं तान्हं बाळ आधी आत नेलं. हा कुठला न्याय?

उत्तर : दादा, तुमचा राग मला समजतो. जोरात ओरडणाऱ्या मुलाचा श्वासाचा मार्ग मोकळा आहे, छातीत हवा जातेय आणि ते शुद्धीत आहे, एवढं आम्हाला त्या ओरडण्यातूनच कळतं. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप असला तरी ते आधी घ्यावं लागतं, कारण त्या वयात रक्तात पसरलेलं इन्फेक्शनसुद्धा नुसत्या झोपेसारखं दिसतं. ते बाळ आरामात नसेलही.

पण तुमच्या मुलाला थांबवलं यात चूक नसली तरी दुखत ठेवलं ही चूकच आहे, आमच्या बाजूची. आल्या आल्या हाताला आधार आणि वेदनेचं औषध मिळायला हवं होतं, त्यासाठी नंबर लागत नाही. पुन्हा अशी वेळ आली तर सरळ मागा. थांबलेले असताना अंगठी-कडं काढून ठेवा, ऑपरेशन लागू शकतं म्हणून विचारल्याशिवाय खायला-प्यायला देऊ नका, आणि बोटं पांढरी-निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं एकदम वाढलं तर रांग बिंग बघू नका, उठून नर्सला बोलवा.

प्रश्न : वजन सांगितलं तरी प्रत्येक वेळी परत का करतात? मूल तापलेलं असतं, चिडतं.

उत्तर : कारण औषधाचा प्रत्येक थेंब किलोवर ठरतो. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम, आणि बाजारात ५ मिलीत १२० वालं सिरप पण आहे आणि २५० वालं पण, म्हणजे चमचा तोच आणि डोस दुप्पट. वजन करायला वेळच नसेल तर मुलाच्या उंचीवरून अंदाज देणारी रंगीत टेप असते, १९८० च्या दशकात जेम्स ब्रोसेलो या अमेरिकन डॉक्टरांनी काढलेली, पण तो अंदाजच. येताना घरी दिलेल्या औषधाची बाटली घेऊन या आणि शेवटचा डोस किती वाजता, किती मिली दिला ते सांगा, नुसतं तापाचं औषध दिलंय एवढ्याने आम्हाला पुढचं काही ठरवता येत नाही.