पुण्यातून दोन मुलांना घेऊन मिशन सेवेसाठी युगांडाला जातोय, आधी कशाकडे बघावं?

सलाम दादा. माझी बहीण आणि भाऊजी लेकरांना घेऊन असेच गेले, त्यामुळे तयारी घरातच बघितलीय. सगळ्यात आधी पासपोर्ट काढून तारखा बघा, लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो आणि गडबडीत नेमकं तेच राहून जातं, मग मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात चकरा. यलो फिव्हरची लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि पिवळं कार्ड जपून ठेवा, ते आता आयुष्यभर चालतं, पण ते नसेल तर भारतात परत येतानाही ६ दिवस वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल मुलांच्या डॉक्टरांना मुलांचं वजन सांगून विचारा.

पण मला खरी काळजी आजी-आजोबांची वाटते. आमच्या आईने तोंडावर "प्रभूची इच्छा" म्हटलं आणि रात्री स्वयंपाकघरात एकटीच रडत बसली, म्हणून सांगते, चर्चच्या मंडळीत निरोपाची प्रार्थना व्हायच्या आधी घरात बसून मोकळं बोला, दवाखान्याला कोण नेणार, पैसे कोण बघणार, सगळं ठरवा. मोठ्या लेकरालाही विचारा, त्याचे मित्र सुटणारेत. जमलं तर सगळे मिळून केडगावला मुक्ती मिशनला एक दिवस जाऊन या, पंडिता रमाबाईंचं निराधार बायका-मुलांसाठीचं काम मुलांनी डोळ्यांनी बघितलं की आपण कशासाठी जातोय ते त्यांना समजतं. आणि घरात मराठीच बोला हं, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं रोज म्हणा, नाहीतर दोन वर्षांत आजीशी फोनवर बोलायला शब्दच उरत नाहीत.