‘आनंद’मधले दोन मित्र: मरणाला खरं सामोरं कोण गेलं?

तुम्ही विचारलंय की ‘आनंद’ (१९७१) या हिंदी सिनेमात कॅन्सर झालेला आनंद हसत हसत गेला आणि त्याचा डॉक्टर मित्र भास्कर शेवटपर्यंत कुढत राहिला, म्हणजे मरणाला सामोरा गेला तो एकटा आनंदच ना? कॉलेजात असताना मी बेधडक हो म्हणालो असतो. आता नाही म्हणवत.

आधी भास्करबद्दल. त्याला लोक रडका समजतात. मला तो चिडका वाटतो. सुरुवातीलाच तो वस्तीतले पेशंट तपासताना दिसतो. औषध लिहून देईन, पण यांच्या पोटात अन्नच नाही त्याला काय करू, हे त्याला आतून खातंय. मग तो शेठ चंद्रनाथ येतो. त्याला काहीएक झालेलं नाही, आणि भास्कर ते त्याच्या तोंडावर सांगून मोकळा होतो. त्याचा दोस्त डॉ. प्रकाश कुलकर्णी मात्र अशा शेठजींना साध्या गोळ्या देतो, पैसे घेतो आणि त्या जोरावर गरिबांना फुकट तपासतो. प्रकाश झालेले रमेश देव हे असं काही करतात की त्यात लबाडी दिसतच नाही, उलट असा एक डॉक्टर आपल्या ओळखीत असावा असं वाटतं. भास्करला हा व्यवहार जमत नाही. त्याच्या लेखी रोगी बरा झाला तर आपण जिंकलो, नाहीतर हरलो.

आणि अशा माणसापुढे येतो कोण, तर हरायची खात्री असलेली केस. भास्कर वैतागून विचारतो, तुला झालंय काय ते तरी ठाऊक आहे का? आनंद ‘लिम्फोसारकोमा ऑफ द इंटेस्टाइन’ (आतड्याचा कॅन्सर) हे नाव झोकात म्हणून दाखवतो. वा, काय नाव आहे, जणू कुणा व्हाइसरॉयचं! आपण हसतो. भास्कर हसत नाही. त्या प्रसंगात मी आता भास्करकडेच बघतो.

आता आनंद. राजेश खन्नाने त्याला इतका गोड केलाय की त्याची बडबड म्हणजेच त्याचं धैर्य असं आपण धरून चालतो. रस्त्यात कुणाही अनोळखी माणसाला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारायची, मेट्रनला (ललिता पवार!) विरघळवायची, ओळख नाही पाळख नाही तरी गप्पा सुरू. पण तो गप्प केव्हा असतो ते बघा. संध्याकाळी एकटा असताना ‘कहीं दूर जब दिन ढल जाए’ म्हणतो तेव्हाचा चेहरा दिवसभराचा नाही. आणि प्रकाशच्या बायकोला, सुमनला, आशीर्वाद द्यायची वेळ येते तेव्हा. तो म्हणतो, तुला काय आशीर्वाद देऊ, माझं आयुष्य तुला लागो असंही म्हणता येत नाही. आपल्याकडे आजी-आत्या उठता बसता जे म्हणतात, तेवढंही त्याच्या गाठीला उरलेलं नाही. सुमन झालेल्या सीमा देव समोर उभ्या आहेत, त्यांना काही बोलायचंच नाही, आणि बोललं तर काय बोलणार. माझ्या मते आनंद मरणाच्या डोळ्याला डोळा भिडवतो तो इथे. बाकी वेळ तो इतरांना सांभाळून घेतोय.

हे मला सिनेमा बघून कळलं असं मात्र नाही.

२०१४ साली माझ्या एका मित्राला पोटाचा कॅन्सर निघाला. स्वभावाने तो आनंदच. केमोला जाताना लोकलमध्ये शेजारच्याला म्हणायचा, “सरका जरा, व्हीआयपी पास आहे माझा.” तोंडात इतके फोड आलेले की बिनमिठाचं ताकसुद्धा झोंबायचं. (सिनेमात यातलं काही नाही. सहा महिन्यांत नायकाचा कुर्ता चुरगळत नाही. तक्रार नाही, पण लक्षात ठेवलेलं बरं.) भेटायला येणारे जाताना हटकून म्हणायचे, “वा, अगदी आनंदसारखा आहेस बघ!” आणि सुटल्यासारखे जिना उतरायचे. हसणारा रोगी सगळ्यांना सोयीचा असतो, त्याच्याजवळ बसायला काही लागत नाही. ते गेले की हा भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मी त्याचा भास्कर. म्हणजे डॉक्टर वगैरे नाही, एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. पण फाइल, रिपोर्ट, अपॉइंटमेंट, कुणीतरी सांगितलेला काढा, सगळं माझ्याकडे. सतत काहीतरी आणायला धावत असायचो. म्हणून भास्करचं शेवटचं धावणं मला आता बघवत नाही. कॅन्सरचा डॉक्टर, आणि मित्र जायच्या घटकेला घरात नाही. कुठे गेलाय? होमिओपॅथीचं औषध आणायला! परत येतो तोवर सगळं आटोपलेलं. मग तो प्रेतावर ओरडतो, सहा महिने बडबड करून डोकं खाल्लंस, आता बोल. रडण्याआधी चिडतो, हे गुलजारने लिहिलंय ते किती खरं आहे. तेवढ्यात आधी भरून ठेवलेल्या टेपवरून आनंदचा आवाज येतो. मधे टेप कोरीच फिरत होती, हे आपण विसरलेलो असतो. तीच टेप, जिच्यात आधी भास्करची मृत्यूवरची कविता आहे. कवितेत त्याने मृत्यूला शांतपणे ये म्हटलेलं. प्रत्यक्षात तो आला तेव्हा कवी औषध आणायला गेलेला.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: आनंदला मरण माहीत होतं, त्याला त्याचं शिकण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. सामोरं जायचं होतं ते भास्करला, आणि ते त्याला वेळेत जमलं नाही. नंतर जमलं, आनंदवर पुस्तक लिहिताना. सिनेमा त्या पुस्तकाच्या बक्षीस समारंभापासून सुरू होतो ते उगाच नाही. मागे राहिलेला माणूस बोलतोय, गोष्ट त्याची आहे.

माझ्या मित्राने एका रात्री उशीखालून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली होती. कुणाचं काय देणं आहे त्याची यादी. मी न वाचताच खिशात घातली आणि म्हणालो, “हे आत्ता कशाला? उद्याचं स्कॅन होऊ दे आधी.” तो “बरं” म्हणाला, आणि लगेच एक विनोद केला. मी हसलो.

चिठ्ठी उघडली ती तेराव्यानंतर. दूधवाल्याचे साडेतीनशे, सोसायटीचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स, ऑफिसातल्या एकाचे दोन हजार, हे सगळं फेडलं. शेवटची ओळ होती, ‘जोशीकाकूंचा स्टीलचा डबा’. वहिनींनी डबा शोधून माझ्याकडे दिला. त्यांच्या बिल्डिंगमध्ये जोशीकाकू दोन. दोघींकडे गेलो, दोघीही म्हणाल्या आमचा नव्हे. डबा अजून आमच्याकडेच आहे, बायको त्यात रवा ठेवते.