'अ नाइट्स टेल' या सिनेमात नायिका जोसेलिन घोड्यावरून भाल्याने लढणाऱ्या विल्यमला प्रेम सिद्ध करण्यासाठी स्पर्धा हरायला सांगते. याला आदर्श दरबारी प्रेम, म्हणजे सरदाराने प्रियेच्या शब्दाखातर काहीही सोसायचं ते जुन्या युरोपातलं प्रेम, म्हणायचं की छळ?

प्रेमच. छळ म्हणणाऱ्यांना तो प्रसंग कळलेलाच नाही.

तो २००१ च्या सिनेमावाल्यांनी शोधून काढलेला नाही. बाराव्या शतकात क्रेतियँ द त्रुआ या फ्रेंच कवीने लान्सलॉट या सरदारावर काव्य लिहिलं. त्यात राणी ग्विनिव्हिअर त्याला निरोप धाडते की वाईटात वाईट लढ. तो मार खातो, लोक हसतात, ते सोसतो. मग निरोप येतो, आता जिंक. 'तुझ्यासाठी जिंकतो' असं कुठलाही सरदार म्हणेल, जिंकायचं तर त्याला असतंच. तिच्यासाठी नाव घालवशील का, हे विचारणं वेगळं.

मला मात्र त्याच काव्यातला दुसरा प्रसंग मनाला लागतो. राणीला पळवून नेलेलं असतं. एक गाडीवाला लान्सलॉटला म्हणतो, गाडीत बस, म्हणजे तिची खबर मिळेल. ती गाडी चोर-खुन्यांची धिंड काढायची. तो दोन पावलं घुटमळतो, मग चढतो. पुढे जिवावर उदार होऊन तिला सोडवतो, तर ती बोलायलाच तयार नाही. कारण ती दोन पावलं.

१९९६ साली इचलकरंजीत माझं एका मुलीवर प्रेम होतं. तिच्या वडिलांचे माग विकले गेले, घर गेलं, भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं ठरलं. सामान हातगाडीवर. मी मदतीला गेलो. वर पालथं घातलेलं शिलाई मशीन, चादरीत गुंडाळलेला आरसा, पितळी घागर. वडील पुढून ओढत होते, ती आणि मी मागून ढकलत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानपट्टीवर माझ्या कॉलेजची पोरं उभी दिसली. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. गाडी पुढे गेली. पोरांची पाठ वळल्यावर मी धावत जाऊन पुन्हा हात लावला आणि शेवटपर्यंत ढकलली. मशीन तर एकट्याने जिन्यावरून वर नेलं.

त्या दिवसापासून ती तुटक वागू लागली. दोन महिन्यांनी मी कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तू वाकलास ते मी बघितलं."

आमचा दादा आजही म्हणतो, "एवढं ओझं वाहिलंस ते दिसलं नाही, आणि क्षणभर वाकलेला दिसलास? आली नाही घरात ते बरं झालं." कितीतरी वर्षं मीही हेच म्हणत होतो. आता नाही म्हणत. ओझं कुणीही वाहतं, हमालही वाहतो. तिला माझी गरज त्या कोपऱ्यावर होती.

सिनेमात विल्यम आधी चिडतो, हरणार नाही म्हणतो, पण मैदानात उतरून भाल्याचे घाव खातो. म्हणून मला तो आवडतो.

एक सांगायचं राहिलं. ग्विनिव्हिअर दुसऱ्याची बायको होती, त्या काव्यातलं प्रेम चोरीचं होतं. सिनेमाने ते गाळलंय, त्यामुळे आदर्श अर्धाच उरतो. आणि कुणी रोज उठून परीक्षा घेत असेल, पैसे किंवा रक्त मागत असेल, तर सरळ निघून जा, ते यात बसत नाही. तिने माझी परीक्षा घेतलीच नव्हती, फक्त गाडी ढकलायला बोलावलं होतं.

आणि दादा, नाडी सुटलेली नव्हती. हे तुला मी कधी सांगितलं नाही.