वडिलांना न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट सांगितली आहे. त्यात नेमकं काय करतात, त्रास होतो का?

सुई नाही, वायरी नाही, मशीनही नाही. समोरासमोर बसून प्रश्नोत्तरं, चित्रं, कागद-पेन्सिल. एमआरआयमध्ये मेंदू कसा दिसतो ते कळतं, यात तो काम कसा करतो ते पाहतात.

आमच्या आत्याची झाली तेव्हा तिला आकडे उलटे म्हणायला लावले, शब्दांची यादी ऐकवून अर्ध्या तासाने पुन्हा विचारली, आणि घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं. तिने बाराही आकडे उजव्या बाजूलाच कोंबले. आम्हाला हसू आलं, टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी मात्र तेच बारकाईने टिपून घेतलं. अशा चुकांचाच उपयोग असतो, म्हणून घरच्यांनी मध्येच उत्तर सुचवू नये. (बहुतेक वेळा बाहेरच बसवतात, ते बरंच.)

दोन ते सहा तास धरून चला. थकले तर विश्रांती देतात. चष्मा, कानाचं मशीन, जुने रिपोर्ट, गोळ्यांची यादी न्या. गोळ्या मनाने बंद करू नका.

भाषेचं मात्र आधीच सांगा. सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी असतं. कुणाच्या घरी कन्नड. वडील ज्या भाषेत विचार करतात त्यात टेस्ट नाही झाली, तर निकाल उगाच कमी येऊ शकतो. शिक्षण किती, हेही खरं सांगा, कारण गुणांची तुलना त्याच वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांशी करतात. पास-नापास नसतं.