रंगशंका: दिवाळी अंकाच्या कचेरीतल्या नाटकाची पात्रनिवड

नाट्यसंघांकडून आलेले या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. मासिकाच्या, त्यातही दिवाळी अंकाच्या, कचेरीत घडणारं नवं विनोदी नाटक बसवायचं असेल तर माणसं कशी निवडायची?

आमचं नाटक दोन अंकी आहे. पात्रं सात: संपादक, मालक, उपसंपादिका, प्रूफं तपासणारे गृहस्थ, डीटीपी ऑपरेटर (संगणकावर पानं लावणारा), जाहिराती आणणारा तरुण आणि एक कवी. संघात एक हुकमी विनोदी नट आहे. संपादक त्यालाच द्यावा ना? (नाशिक)

निवडीला सुरुवात संपादकापासूनच करा, पण तो हुकमी नटाला देऊ नका. या कचेरीतला विनोद पानांच्या हिशेबातून येतो. दिवाळी अंक सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटांत, छापला जातो. शेवटच्या दिवशी पूर्ण पानाची जाहिरात रद्द झाली तर ते पान कोरं सोडता येत नाही. एक जाहिरात जास्त आली तर एका पानासाठी नवा फर्मा लावणं परवडत नाही, मग कुणाची तरी कथा कापावी लागते. संपादकासाठी हा जिवाचा प्रश्न असतो आणि प्रेक्षकाला तो तसा दिसला तरच हसू येतं. संपादक करणारा नट ‘बघा, माझी कशी फजिती झाली’ असं प्रेक्षकांना सुचवू लागला की पहिली दहा मिनिटं हशा मिळतो. पुढे काही पणाला लागलेलंच नाही हे प्रेक्षकाला कळतं आणि नाटकाचा दुसरा अंक पडतो. म्हणून गंभीर नाटकात ज्याच्यावर लोक विश्वास ठेवतात असा नट इथे हवा.

हुकमी नटाला जाहिरातवाला द्या. तो बाहेरून ऊर्जा घेऊन येतो, घोळ घालतो आणि निघून जातो. एण्ट्री आणि एक्झिट दोन्ही त्याला मिळतात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरताना अभिनयाच्या रौप्यपदकावर डोळा ठेवून मोठी भूमिका मोठ्या नटाला दिली जाते. विनोदी नाटकात हे फार महागात पडतं.

संपादक आणि मालक जोडीनेच निवडा. चार उमेदवार असतील तर तीच तीन पानं वेगवेगळ्या जोड्या लावून वाचून घ्या. दोघांच्या आवाजाची पट्टी आणि बोलण्याचा वेग वेगळा हवा. दोघेही खर्जात आणि सावकाश बोलणारे निघाले तर भांडणाचा प्रवेश चढतच नाही, मग तो चढवायला दोघे ओरडू लागतात.

आणि डीटीपी ऑपरेटर शेवटी उरलेल्या मुलाला देऊ नका. त्याला वाक्यं कमी असली तरी तो जवळजवळ सगळा वेळ रंगमंचावर असतो आणि प्रत्येक बदल त्याच्याच हातून होतो. ‘कवितेचं पान काढा’ हे ऐकून त्याचा माउसवरचा हात थांबतो, तिथे अर्धा हशा असतो. तेव्हा या भूमिकेला उत्तम ऐकणारा नट हवा. त्याचा संगणक प्रेक्षकांकडे तिरका ठेवा आणि स्क्रीन चेहऱ्याच्या खाली राहील असं टेबल घ्या, नाहीतर निवड चांगली होऊनही काही दिसणार नाही.

ऑडिशन कशी घ्यावी? आम्ही एकेकाला स्वगत म्हणायला लावतो. (कोल्हापूर)

स्वगतावरून आवाज आणि पाठांतर कळतं, टायमिंग कळत नाही. दोघांना एकत्र बोलवा आणि प्रत्येक जोडीला साधारण पंधरा मिनिटं द्या. नाटकातली दोन पानं वीस मिनिटं आधी हातात ठेवा.

पहिल्यांदा त्यांना हवं तसं वाचू द्या. दुसऱ्यांदा एकच सूचना द्या: ‘हसवू नका, फक्त समोरच्याला पटवा.’ दुसरं वाचन पहिल्यापेक्षा जास्त मजेदार झालं तर तो नट तुमचा. फक्त सपाट झालं, तर तो आतापर्यंत आवाजाच्या चढउतारावर चालत होता असं समजा.

तिसऱ्या फेरीत हाताला काम द्या. एका हातात लाल पेन, समोर प्रूफाचा कागद, खांद्यावर दाबलेला फोन आणि तेच संवाद. कचेरीच्या नाटकात हात कधी रिकामे नसतात. बरेच चांगले वाचणारे इथे अडकतात, कारण कागद उलटताना शब्द थांबतो.

चौथी फेरी हशाची. तालमीच्या खोलीत पाच-सहा जणांना बसवा आणि मध्येच कुठेही मोठ्याने हसायला सांगा. नट काय करतो ते पाहा. हशावरच पुढचं वाक्य बोलला तर ते वाक्य वाया जातं. दोन-तीनदा असं झालं की पुढचं ऐकू यावं म्हणून प्रेक्षक हसू आवरायला लागतात. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबला तर गती तुटते. हशा चढून उतरू लागला की बोलायचं आणि तोवर चेहरा चालू ठेवायचा. हे शिकवता येतं, पण ज्याला मुळात हशा ऐकूच येत नाही त्याला तालमीच्या महिन्याभरात शिकवणं कठीण.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि आपले बरेच नट शेवटचे दोन शब्द गिळतात. गंभीर नाटकात ते खपतं. विनोदात ‘छापलं’ आणि ‘छापलं नाही’ यांतला ‘नाही’ शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही तर हशाच येत नाही. म्हणून निवड करणाऱ्यांपैकी एकाने सभागृहाच्या मागच्या टोकाला बसावं.

भूमिका लगेच जाहीर करू नका. चार-पाच दिवस नुसती वाचनं करा, भूमिका अदलाबदल करून. त्यानंतर यादी लावा आणि मग ती बदलू नका.

आमची संहिता खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळातली आहे. तरुण मुलांना जुळारी (खिळे जुळवणारा कामगार) शोभेल का? (सांगली)

शोभेल, वय आडवं येत नाही, हात येतात. दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाच्या 1909च्या अंकापासूनची, म्हणजे तिचा मोठा काळ खिळ्यांवरच गेला. प्रेक्षागृहात ते काम पाहिलेलं कुणीतरी नक्की बसलेलं असतं. जुळारी उभ्याने काम करतो. डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवायची पट्टी), अंगठा शेवटच्या खिळ्यावर, उजवा हात केसमधून (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून) खिळे उचलतो आणि नजर मजकुराच्या कागदावर असते. मजकूर डावीकडून उजवीकडे पण उलटा जुळवला जातो आणि जुळारी तो तसाच वाचतो. देवनागरीतल्या जोडाक्षरांमुळे केसचा पसाराही मोठा, म्हणून हात लांबवर फिरतो. ऑडिशनला स्टिकऐवजी पट्टी आणि खिळ्यांऐवजी शेंगदाण्यांची ताटली द्या. बोलता बोलता, न पाहता, एका लयीत उचलणारा मुलगा घ्या. पांढरे केस रंगवून लावता येतात, लय लावता येत नाही.

माणसं कमी आहेत. कवी, वर्गणीदार आणि जाहिरातदार एकाच नटाने केले तर? (अमरावती)

चालेल, आणि चांगला नट असेल तर रंगतही येईल. दोन अटी आहेत. एका भूमिकेची एक्झिट आणि दुसरीची एण्ट्री यांत संवादाची किमान दोन पानं हवीत, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं मिळतात. आणि दोन्ही एकाच विंगेतून ठेवा, नाहीतर त्यातला एक मिनिट सेटमागून पळण्यात जातो. फरक केसांच्या विगवर सोपवू नका. आधी चप्पल-बूट बदला, चाल आपोआप बदलते. वर्गणीदार आणि जाहिरातदार समोरासमोर येत नाहीत याची संहितेत खात्री करून घ्या. हे बहुतेक वेळा ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावरच्या हालचाली बसवणं, सुरू झाल्यावर लक्षात येतं.

एका प्रसिद्ध संपादकांची हुबेहूब नक्कल करणारा नट आहे. त्याला तसंच करू द्यावं का? (पुणे)

नको. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. संहितेत नसलेली, जिवंत माणसाला ओळखू येणारी नक्कल रंगमंचावर घुसवणं निर्मात्याला अडचणीत आणू शकतं. नाट्यदृष्ट्याही ती अपुरी पडते: ज्यांनी त्या व्यक्तीला ऐकलेलं नाही त्यांना नुसता विचित्र आवाज ऐकू येतो, आणि दोन तास नक्कल धरून ठेवताना नट समोरच्याचं ऐकायचं थांबतो.

आमच्या मंडळातले कलाकार वेगवेगळ्या शहरांत राहतात. निवड झूमवर करता येईल? (कॅनडा)

एकेकट्याची पहिली चाळणी करता येईल. जोडी मात्र झूमवर पारखू नका. आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबाने चांगलं टायमिंगही ढिलं वाटतं आणि दोघे एकदम बोलले की एकाचा आवाज कापला जातो. शेवटचे सहा-सात जण एका शनिवारी एकत्र आणा.

व्यावसायिक प्रयोग करायचे आहेत. मालिकेतला परिचित चेहरा घ्यावा का? (ठाणे)

तिकिटबारीला उपयोग होतो, पण निर्णय त्याच्या तारखा पाहून घ्या. तुमचे बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी लागणार आणि मालिकेचं शूटिंग त्याच दिवशी असू शकतं. नाइट (एका प्रयोगाचं मानधन) किती हे ठरवतानाच महिन्यातले किती शनिवार-रविवार नक्की मिळतील, तालमींना किती दिवस, दौऱ्यावर रात्रीचा प्रवास चालेल का, आणि तारीख रद्द करायची तर किती दिवस आधी कळवायचं हे लेखी घ्या. परिचित चेहरा संपादकाच्या भूमिकेत घेऊ नका, जाहिरातवाल्याच्या किंवा मालकाच्या घ्या. या दोघांचे प्रवेश तुकड्यांत आहेत, त्यामुळे रिप्लेसमेंट तीन-चार तालमींत उभी राहते. संपादक बदलायचा तर सगळ्या संचाला पुन्हा बसवावं लागतं. बदली नट शुभारंभाआधीच ठरवा, त्याला रंगीत तालमीला प्रेक्षागृहात बसवा आणि तिथे फक्त हशाच्या जागा संहितेवर खुणावून घ्यायला सांगा.