औषधी स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी, औषधाचा लेप असलेली जाळीदार नळी) बसवल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या (अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी) किती दिवस घ्यायच्या?

हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसवला असेल तर साधारण १२ महिने, आणि अटॅक न येता नुसत्या ब्लॉकेजसाठी बसवला असेल तर साधारण ६ महिने. पुढे एकच गोळी, बहुधा अ‍ॅस्पिरिन, चालू राहते. दोन गोळ्या लागण्याचं कारण स्टेंटच्या रचनेतच आहे. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये आतून पेशी वाढून रक्तवाहिनी पुन्हा अरुंद व्हायची. ते रोखायला औषधी स्टेंटच्या तारांवर सिरोलिमस किंवा एव्हरोलिमससारख्या औषधाचा लेप देतात. तो काही आठवडे-महिने हळूहळू झिरपत राहतो. पण हेच औषध तारांवर नैसर्गिक अस्तर यायलाही उशीर लावतं. तोवर उघड्या धातूवर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकटून अचानक गुठळी होऊ शकते, म्हणजे थेट नवा अटॅक. (दात काढायचाय म्हणून परस्पर गोळ्या थांबवणं हा त्यातला सगळ्यात घातक शहाणपणा.) रक्तस्रावाचा धोका जास्त असेल, उदाहरणार्थ उतारवय, पोटातला अल्सर, अ‍ॅनिमिया, तर नव्या पिढीच्या स्टेंटला ही मुदत १ ते ३ महिन्यांवरही आणतात, मात्र ते तुमच्या कार्डिऑलॉजिस्टनेच ठरवायचं.