'व्हिटिएटेड एअर' म्हणजे दूषित हवा का?

विचारणा अशी: स्क्रॅमजेट इंजिनाच्या (ध्वनीहून वेगाने वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणाऱ्या इंजिनाच्या) जमिनीवरील चाचणीविषयी लिहिताना 'व्हिटिएटेड एअर'साठी, म्हणजे आतच इंधन जाळून तापवलेल्या हवेसाठी, 'दूषित हवा' चालेल का?

माझ्या मते नाही. 'दूषित' म्हटले की धूळ-धूर डोळ्यांपुढे येतो आणि गाळली की हवा शुद्ध होईल असे वाटते. इथला दोष गाळून जाणारा नाही. मॅक ६ ला, म्हणजे ध्वनीच्या सहापट वेगाला, इंजिनात शिरणाऱ्या हवेचे एकूण तापमान (ती पूर्ण थांबवली तर होईल ते) सुमारे १६५० केल्विन असते. जमिनीवर हवा तेवढी तापवण्याची सोयीची वाट म्हणजे तिच्यातच हायड्रोजन जाळणे. त्यात खर्च झालेला ऑक्सिजन वरून घालतात, आणि नेमका इथे हिशेब चुकतो. दर मोल हायड्रोजनमागे अर्धा मोल ऑक्सिजन जळतो, पण तेवढाच परत दिला तर पुरत नाही. हायड्रोजन जळून झालेल्या वाफेची भर पडून ऑक्सिजनची टक्केवारी उतरलेली असते. २१ टक्के राखायला जवळपास ०.७७ मोल लागतो.

एवढे करूनही तिच्यात साधारण पाचवा हिस्सा वाफ असते आणि नायट्रोजन कमी. वाफ जास्त उष्णता पोटात घेते, म्हणून तेवढ्याच इंधनाने दाब कमी चढतो. चाचणीत निर्धोक ठरलेले इंधनाचे प्रमाण मग उड्डाणातल्या कोरड्या हवेत जास्त दाब उठवते, आघाततरंग (हवेचा दाब एकदम चढतो त्या लाटा) पुढे, तोंडाकडे रेटले जातात आणि इनलेट, म्हणजे हवा आत घेणारे तोंड, 'अनस्टार्ट' होऊ शकते, म्हणजे त्यातला ध्वनीहून वेगवान प्रवाह मोडू शकतो.

'वाफमिश्रित हवा' अपुरा पडतो: नासाच्या लँग्ले केंद्रातल्या ८ फुटी उच्च-तापमान बोगद्यात मिथेन जाळतात, तिथे कार्बन डायऑक्साइडही मिसळतो. अहवालात 'ज्वलनमिश्रित हवा' लिहावे.

पण मला मनापासून पटतो तो 'उष्टी हवा'. मूळ लॅटिन शब्दात नुसते 'बिघडवणे' आहे; 'उष्टे' म्हणताना आधी कुणीतरी तोंड लावले, हेही कळते. इथे ते ज्योतीने लावलेले असते. आणि ताट पुन्हा भरले तरी उष्टेपण जात नाही, तसे ऑक्सिजन २१ टक्क्यांवर आणला तरी हवेचे जात नाही.

विद्युततापकातून आलेल्या हवेला मग 'कोरी हवा' म्हणता येईल. विद्युतज्योतीने, म्हणजे आर्क हीटरने, तापवलेल्या हवेला मात्र तो शब्द लावू नये: तिच्यात इंधन जळत नसले तरी नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, आणि तो प्रज्वलनाची वेळ बदलतो.